रोव्हर्स कप सलग पाच वेळा हैदराबादला नेणारा मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

२०२४ च्या ईदला 'मैदान' नावाचा सिनेमा आला. अजय देवगणचा. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा आठवीच्या वर्गात त्याचीच चर्चा. एका पोराने विचारलं, सर, हे रहीम साहेब खरंच होते का, की सिनेमावाल्यांनी बनवले? मी म्हटलं, होते, आणि आपल्यासारखेच मास्तर होते. वर्गाला पटेना. हिंदुस्थानच्या टीमचा कोच आणि शाळेतला मास्तर, असं कसं होईल?

त्यांचा दोष नाही. आमच्या बीडकडच्या घरांमध्येही आता हे नाव कुणाला ठाऊक नाही. वास्तविक १९५६ पर्यंत आपला सगळा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आमच्या आजोबांच्या पिढीचं कोर्ट-कचेरी, कॉलेज, बाजार सगळं हैदराबादेत. ज्यांना शिकायची ऐपत होती ते उस्मानिया युनिव्हर्सिटीत जायचे. रहीम साहेब त्याच उस्मानियाचे पदवीधर. म्हणजे हा माणूस आपल्यापासून फार लांबचा नव्हता. आपणच लांब गेलो.

सिनेमात हेलसिंकी, मेलबर्न, रोम, जकार्ता आहे. ते खरंच आहे. पण रहीम साहेबांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते परदेशात नाही, आपल्या मुंबईत, कूपरेजच्या मैदानावर. रोव्हर्स कप नावाची एक स्पर्धा तिथे व्हायची. आज ती स्पर्धाही नाही. म्हणून दोघांची गोष्ट एकत्रच सांगतो.

रोव्हर्स कप म्हणजे काय होतं?

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात फुटबॉलच्या तीन मोठ्या स्पर्धा होत्या. सिमल्याचा ड्युरँड कप, कलकत्त्याची आयएफए शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स कप. रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटच्या पलटणीने जिंकला. पुढची कितीतरी वर्षं हा कप एका गोऱ्या पलटणीकडून दुसऱ्या गोऱ्या पलटणीकडे जात राहिला. देशी माणूस बाहेर उभा राहून बघायचा.

१९२३ मध्ये कलकत्त्याचं मोहन बागान फायनलपर्यंत पोचलं, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीपुढे हरलं. मग तो दिवस आला १९३७ मध्ये. बंगलोर मुस्लिम्स या क्लबने रोव्हर्स कप जिंकला. लष्कराबाहेरच्या देशी टीमने हा कप उचलण्याची ती पहिली वेळ. पुढच्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला, म्हणजे पहिला विजय नशिबाचा नव्हता हे सिद्ध झालं. त्याच काळात कलकत्त्यात मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं तिथली लीग जिंकून दाखवली होती. १९४० मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग मुंबईत आलं आणि रोव्हर्स कपही घेऊन गेलं. त्याच वर्षी त्यांनी ड्युरँडही जिंकला.

त्या काळात फुटबॉल ही आपल्या मोहल्ल्यांची गोष्ट होती हे लक्षात घ्या. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, पिच लागते. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. बूटही लागत नव्हते, बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळायचे. गिरणीतला कामगार, पोलिसातला शिपाई, बंदरावरचा हमाल, सगळे खेळू शकत होते आणि सगळे बघायला येत होते. मुंबईत रोव्हर्सचे सामने असले की कूपरेजचे स्टँड भरायचे. दिलीपकुमार साहेबांना फुटबॉलचं केवढं वेड होतं हे तर सगळ्यांना माहीत आहे. रोव्हर्सच्या मॅचला तेही यायचे.

मास्तरकीपासून सुरुवात

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानियातून त्यांनी कला शाखेची पदवी घेतली. युनिव्हर्सिटीच्या टीमकडून फुटबॉल खेळले. नंतर 'इलेव्हन हंटर्स' या टीमकडूनही खेळले. खेळाडू म्हणून चांगले होते. पण त्यांचं मोठेपण खेळण्यात नव्हतं, शिकवण्यात होतं.

पदवीनंतर ते शिक्षक झाले. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांमध्ये त्यांनी शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी घेतली. हा मुद्दा मी मुद्दाम ठळकपणे सांगतोय. पदवी हातात असलेला माणूस त्या काळी आरामात एखाद्या दफ्तरात बसू शकला असता. त्यांनी पोरांबरोबर उन्हात उभं राहणं पसंत केलं.

चाळीसच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले आणि शेवटपर्यंत ते काम बघत राहिले. सेक्रेटरी म्हणजे खुर्चीवर बसून सह्या करणारा, अशी आपली समजूत असते. रहीम साहेबांनी त्या खुर्चीवरून शहराचा फुटबॉल पुन्हा घडवायला घेतला. आणि तो घडवला मास्तरच्या पद्धतीने.

मास्तर काय करतो? मूल कुठे अडतंय ते बघतो आणि त्या जागेचा सराव करून घेतो. रहीम साहेबांनी बघितलं की आपल्या पोरांना चेंडू पायाशी खेळवत ठेवायची फार हौस. तीन-तीन जणांना चकवायचं, लोकांनी वाहवा करायची आणि शेवटी चेंडू समोरच्याने काढून घ्यायचा. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या ज्यात ड्रिबलिंगच चालत नसे. चेंडू आला की लगेच सोबत्याकडे द्यायचा. दुसरी अडचण म्हणजे बहुतेक पोरांचा एकच पाय चालायचा. मग त्यांनी अशाही स्पर्धा घेतल्या ज्यात नेहमीच्या पायाने मारायचंच नाही, कमजोर पायानेच खेळायचं. विचार करा, किती साधी युक्ती आहे. ना पैसा लागतो, ना परदेशी कोच. फक्त पोरांकडे नीट बघणारा माणूस लागतो.

सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातला तुळशीदास बलराम हा गरीब घरचा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. मैदान लांब, रोज यायला पैसे नाहीत. सायकलीच्या भाड्याची सोय रहीम साहेबांनी करून दिली, ही आठवण बलराम म्हातारपणापर्यंत सांगत असत. हाच बलराम पुढे दोन ऑलिंपिक खेळला आणि देशाच्या सर्वांत मोठ्या फॉरवर्ड खेळाडूंमध्ये गणला गेला. गुणी मूल कोणत्या गल्लीचं, कोणत्या जातीचं, कोणत्या मजहबचं, हा प्रश्न रहीम साहेबांच्या मैदानावर नव्हता.

पोलिसांची टीम आणि पाच कप

आता त्या काळाकडे बघा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झालं आणि निजामाचं राज्य संपलं. नंतरचे महिने हैदराबाद आणि मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांनी कसे काढले ते आपल्या वडीलधाऱ्यांनी थोडंफार सांगितलेलं असतं, बरंचसं न सांगताच ठेवलेलं असतं. नोकऱ्या गेल्या, माणसं गेली, कित्येक घरं पाकिस्तानला निघून गेली. जे राहिले त्यांच्या मनात एकच प्रश्न होता. या नव्या देशात आपली जागा काय?

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हैदराबाद सिटी पोलीस नावाची टीम मुंबईत रोव्हर्स कप खेळायला आली. कोच सय्यद अब्दुल रहीम. टीममध्ये नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लईक, मोईनुद्दीन अशी नावं. पोलिसात नोकरी करणारी साधी माणसं. मुंबईला कलकत्त्याचा फुटबॉल माहीत होता, बंगलोरचा माहीत होता. हैदराबादची ही पोरं काय करणार, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

त्यांनी कप जिंकला.

१९५१ मध्ये पुन्हा जिंकला. १९५२ मध्ये पुन्हा. १९५३ मध्ये पुन्हा. १९५४ मध्ये पुन्हा. सलग पाच वर्षं रोव्हर्स कप मुंबईहून हैदराबादला गेला. त्या स्पर्धेच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात असं दुसऱ्या कुणाला जमलं नाही. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग, सगळे मोठे क्लब आले आणि गेले, पण सलग पाच हा आकडा एका पोलीस टीमच्याच नावावर राहिला. १९५० मध्येच, फाळणीनंतर दिल्लीत पुन्हा सुरू झालेल्या ड्युरँड कपमध्ये, याच टीमने मोहन बागानला फायनलमध्ये हरवलं होतं.

हे कसं घडलं? हैदराबादच्या टीमकडे धिप्पाड खेळाडू नव्हते आणि पैसाही नव्हता. पण चेंडू त्यांच्या पायाशी थांबत नसे. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, समोरचा धावून धावून थकून जायचा. शाळेच्या मैदानावर घोटलेला धडा कूपरेजवर दिसत होता. दुसरं म्हणजे शिस्त. वेळेवर यायचं, सांगितलेल्या जागी खेळायचं, रेफरीशी हुज्जत घालायची नाही. आणि तिसरं, प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं. बचाव करणाऱ्याने कधी पुढे जायचं, फॉरवर्डने कधी मागे यायचं, हे आधी ठरलेलं असायचं. त्या काळी आपल्याकडे बहुतेक टीम आपापल्या हुशारीवर खेळायच्या. रहीम साहेबांची टीम ठरवून खेळायची.

१९५५ मध्ये मोहन बागानने आणि १९५६ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगने रोव्हर्स कप जिंकला. १९५७ मध्ये तो परत हैदराबाद पोलिसांकडे आला. राज्यांच्या संतोष ट्रॉफीतही रहीम साहेबांच्या हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन वर्षं बाजी मारली, आणि दोन्ही वेळा फायनलला समोर मुंबईच होती. हरलेल्या मुंबईकरांनीसुद्धा या टीमवर प्रेम केलं ही मोठी गोष्ट आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर भाषणांनी मिळत नव्हतं, त्याचं थोडंसं उत्तर कूपरेजच्या टाळ्यांनी दिलं असेल, असं मला वाटतं.

हेलसिंकीची हार आणि मेलबर्न

या कामगिरीमुळे रहीम साहेबांकडे देशाच्या टीमची जबाबदारी आली. १९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. फायनलमध्ये हिंदुस्थानने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक घेतलं. मेवालालने गोल केला, कॅप्टन होते शैलेन मन्ना.

पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने हरवलं. आपल्या कित्येक खेळाडूंच्या पायात बूट नव्हते आणि तिथे थंडी. आपला एकमेव गोल अहमद खानने केला. एवढी मोठी हार झाली की आपल्याकडे काय होतं? खापर कुणावर फोडायचं याची शोधाशोध. रहीम साहेब मास्तर होते. नापास झालेल्या पेपरकडे कसं बघायचं हे त्यांना माहीत होतं. आपण कुठे कमी पडलो ते त्यांनी मोजलं. याच ऑलिंपिकमध्ये हंगेरीची टीम सुवर्णपदक जिंकून गेली. तिचा खेळ सगळ्या जगाला काहीतरी नवं शिकवत होता, आणि शिकायला तयार असलेल्यांमध्ये आपले रहीम साहेब होते. हेलसिंकीनंतर फेडरेशनने बूट घालणं सक्तीचं केलं. अनवाणी फुटबॉलचा जमाना संपला.

चार वर्षांनी, १९५६ मध्ये, मेलबर्न ऑलिंपिक. पहिल्या फेरीत हंगेरीची टीम आलीच नाही, म्हणून पुढे चाल मिळाली. मग यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. त्यांच्याच देशात, त्यांच्याच लोकांसमोर आपण ४-२ ने जिंकलो. आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. आणि ऑलिंपिकच्या सेमीफायनलला पोचणारी आपली टीम ही आशियातली पहिली टीम. सेमीफायनलला पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर. आधी गोल आपणच केला, तोही नेव्हिलनेच. शेवटी ४-१ ने हरलो, आणि तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाकडून ३-० ने हरलो. पण चार वर्षांपूर्वीचा १०-१ आठवा आणि मग हा निकाल बघा. त्या टीममध्ये हैदराबादच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता.

चार बचावाला, दोन मध्ये, चार पुढे, ही मांडणी १९५८ च्या वर्ल्डकपमध्ये ब्राझीलमुळे जगभर गाजली. रहीम साहेब त्याच्या आधीपासून तशा मांडणीने टीम खेळवत होते, असं फुटबॉलचे जाणकार सांगतात. काचीगुड्याच्या एका मास्तरने हे आपल्या डोक्याने शोधलं होतं.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आपण फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली. हंगेरीशी २-१ आणि पेरूशी ३-१ ने हरलो. या टीममध्ये रहीम साहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही होता. पण संपूर्ण स्पर्धेत त्याला मैदानावर उतरायला मिळालं नाही. बापच कोच असताना मुलगा बाकावर बसून राहिला. आपल्याकडच्या किती संस्थांमध्ये आज असं घडेल, वाचकांनी स्वतःच विचार करावा.

जकार्ता

१९६२ चे आशियाई खेळ जकार्तामध्ये होते. तोपर्यंत रहीम साहेबांच्या फुप्फुसात कॅन्सर शिरला होता. सिगारेटची सवय होती, ती महागात पडली. तब्येत खालावलेली, खोकला थांबत नाही. तरीही ते टीमसोबत गेले.

पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, २-० ने हरलो. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० ने हरवलं. थायलंडविरुद्ध खेळताना जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. जर्नेल हा आपला बचावाचा खांब. दुसरा कोच असता तर त्याला बाकावर बसवलं असतं. रहीम साहेबांनी त्याला सेमीफायनलला बचावातून काढून थेट पुढे, सेंटर फॉरवर्डला खेळवलं. दक्षिण व्हिएतनामला आपण ३-२ ने हरवलं आणि फायनल गाठली.

फायनल ४ सप्टेंबरला. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. स्टेडियमवर सुमारे एक लाख माणूस आणि बहुतेक सगळे आपल्या विरोधात. कारण खेळाचं नव्हतं, राजकारणाचं होतं. इंडोनेशियाने तैवान आणि इस्रायलच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही, त्यावर हिंदुस्थानचे एक पदाधिकारी सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्याचा राग आपल्या खेळाडूंवर निघत होता. राष्ट्रगीताच्या वेळीही आरडाओरड झाली. गोलकीपर थंगराज तापातून उठलेला, जर्नेलच्या डोक्याला टाके, आणि कोच स्वतः आजारी. फायनलच्या आधी रहीम साहेबांनी खेळाडूंना जवळ बसवून एकच मागणं मागितलं होतं, उद्या मला सोन्याचं पदक भेट द्या. आपल्या हातात फार दिवस उरलेले नाहीत, हे त्यांना कळत होतं.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला. वीसाव्या मिनिटाला दुसरा गोल, तो केला टाके पडलेल्या जर्नेल सिंगने. कोरियाचा एक गोल अगदी शेवटी शेवटी आला. २-१. सुवर्णपदक आपलं. कॅप्टन होते चुनी गोस्वामी. टीममध्ये हैदराबादचे बलराम आणि युसूफ खान होते, मुंबईत वाढलेला गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता, मुंबईच्या कालटेक्सकडून खेळणारा केरळचा चंद्रशेखर होता. बंगाली, पंजाबी, मद्रासी सगळे होते. त्या टीममधले खेळाडू नंतर एक आठवण सांगायचे. अख्खं स्टेडियम विरोधात असताना प्रेक्षकांतून आपल्याला उत्तेजन देणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये पाकिस्तानची हॉकी टीम होती.

आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्णपदक आपल्याला त्यानंतर आजवर मिळालेलं नाही. १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळालं, तेवढंच.

मास्तर गेले, मग कपही गेला

जकार्ताहून परतल्यावर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम साहेबांचं इंतकाल झालं. वय अवघं त्रेपन्न. मरहूम रहीम साहेबांना सरकारकडून कोणताही मोठा किताब मिळाला नाही. कोचना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, ते गेल्यावर बावीस वर्षांनी. मुलगा हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाला, फिफाचा रेफरी झाला, २०१७ मध्ये त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये तेही गेले. वडिलांवरचा सिनेमा बघायला ते राहिले नाहीत.

हैदराबादचा फुटबॉल काही वर्षं रहीम साहेबांच्या पुण्याईवर चालला. नंतर हळूहळू आटत गेला. शहरातून ऑलिंपिक टीम भरायची, तिथे एखादं नाव शोधावं लागू लागलं. कारण सोपं आहे. कप पोलिसांच्या कपाटात होते, पण ते घडत होते शाळांच्या मैदानांवर. शाळेतलं काम बंद पडलं आणि झरा सुकला.

रोव्हर्स कपचंही असंच झालं. मोहम्मडन स्पोर्टिंगने ऐंशीच्या दशकातही तो जिंकला. पण लोकांचं लक्ष क्रिकेटकडे वळलं, घराघरांत टीव्ही आला. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, मोठ्या क्लबांना जुन्या स्पर्धांसाठी वेळ काढणं अवघड होऊ लागलं. २०००-०१ मध्ये मोहन बागानने कप जिंकला आणि तो शेवटचा ठरला. एकशे दहा वर्षांची स्पर्धा बंद झाली तेव्हा फारसं कुणी रडलंही नाही. कूपरेज अजून तिथेच आहे. मुलांना घेऊन मुंबईला गेलात तर मंत्रालयाच्या परिसरात ते मैदान त्यांना जरूर दाखवा. इथे हैदराबादच्या एका मास्तरची पोरं पाच वर्षं अजिंक्य होती, एवढं सांगा.

शेवटी स्वतःबद्दल

खरं सांगायचं तर हा लेख लिहिताना मला थोडी लाज वाटली. वीस वर्षं शिकवतोय. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास मीही गणितासाठी घेतलेला आहे, कित्येकदा. पोरं हिरमुसली की समजावायचो, अभ्यास महत्त्वाचा, खेळून कुणाचं पोट भरतं? पालकही खूश व्हायचे. आपल्या समाजात शिक्षणाची तळमळ आता वाढली आहे, अल्हम्दुलिल्लाह, ती वाढलीच पाहिजे. पण या तळमळीत आपण मैदान मुलांच्या हातून काढून घेतलं आणि मोबाइल दिला. शाळेबाहेरची मोकळी जागा गेली, गल्लीत गाड्या आल्या, आणि मुलींसाठी तर मैदान कधी नव्हतंच.

रहीम साहेब पदवीधर होते, शिक्षक होते, आणि खेळ हा शिक्षणाचाच भाग आहे असं मानून जगले. त्यांनी घडवलेल्या पोरांना खेळामुळे पोलिसात, रेल्वेत, लष्करात नोकऱ्या लागल्या, घरं उभी राहिली. खेळून पोट भरतं का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी माझ्या जन्माआधीच देऊन ठेवलं होतं.

मागच्या वर्षापासून दर शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही शाळेच्या अंगणात एक सामना घेतो. अंगण लहान आहे, चेंडू एकच आहे, गोलच्या जागी दोन दप्तरं. नियम रहीम साहेबांचा. उजव्याने मारणाऱ्याने डाव्यानेच मारायचं. पहिल्या शनिवारी सगळे हसत होते, चेंडू कुठल्या कुठे जात होता. आता काहींचा डावा पाय वळायला लागलाय. आठवीतल्या मुलींनीही आपली टीम मागितली आणि आम्ही ती दिली. पी.टी.चा तास मी आता कुणाकडून घेत नाही.

अल्लाह मरहूमची मगफिरत फर्मावो.